पायाचं लेथ

माझा धंदा काय, हे सांगताना आयुष्यभर माझी पंचाईत झाली. लोहार म्हटलं तर लोक कोयते घेऊन यायचे. फिटर म्हटलं तर विहिरीवरचा पंप बघायला बोलवायचे. माझ्या लग्नाच्या बोलणीत मामांनी 'तो मुंबयच्या मिलीत होतो' एवढं सांगून विषय मिटवला, आणि मुलीकडच्यांनाही तेवढं पुरलं. खरं तर मी जुन्या यंत्रांचा दुरुस्तीवाला. तीही लोखंड कापणारी, तासणारी, भोकं पाडणारी यंत्रं; ज्यांच्यावर दुसऱ्या यंत्रांचे भाग तयार होतात ती.

गिरणीच्या वर्कशॉपात मी बारा वर्षं हे काम शिकलो आणि केलं. मग आई अंथरुणाला खिळली म्हणून मालवणला परत आलो. तेव्हा पन्नास साल उलटून गेलं होतं. आमचा जिल्हा तेव्हा रत्नागिरीच. मला वाटलं होतं, इथं मला कोण विचारणार? पण मालवण, वेंगुर्लं, सावंतवाडी या पट्ट्यात अशी दहा-पंधरा यंत्रं होती, आणि सगळी आजारी होती. कुणी मुंबईच्या भंगारातून आणलेली, कुणाच्या आजोबांनी गोव्यातून गलबतावर घालून आणलेली. बहुतेकांवर विलायतेतल्या कारखान्यांची नावं ओतलेली असत, आणि ते कारखाने कधीच बंद पडलेले. भाग मोडला तर मागवायचा कुणाकडून? तो आपणच करायचा.

लेथ म्हणजे काय ते आधी सांगतो. सावंतवाडीचे कारागीर लाकडी खेळणी कशी करतात ते पुष्कळांनी पाहिलं असेल. लाकूड गरगर फिरतं आणि त्याला हत्यार लावलं की साल निघत जाते. लेथवर तेच लोखंडाचं होतं. फरक इतकाच की लाकडाच्या बाहुलीत केसभर चूक झाली तर बाहुली बिघडत नाही. लोखंडाच्या दांड्यात केसभर चूक झाली तर होडीचं इंजिन भर समुद्रात थरथरून मोडतं. म्हणून लेथचा पाट, ज्यावरून हत्यार सरकतं तो, आरशासारखा सपाट लागतो. वीस-तीस वर्षांत तो चकजवळ, म्हणजे काम घट्ट पकडून फिरवणाऱ्या भागाजवळ, झिजतो. डोळ्याला दिसत नाही. तिथं सपाट पट्टीला निळा रंग लावून ती पाटावर फिरवायची. जिथं रंग उठतो तिथं उंचवटा. तो स्क्रेपरनं कणभर खरवडायचा. पुन्हा रंग, पुन्हा खरवडणं. एक पाट सरळ करायला मला दीड-दोन महिने लागत. खांद्यातून हात गळून यायचा. पाहणाऱ्याला वाटे, हा माणूस रोज तेच तेच करतोय आणि काहीच होत नाहीये.

त्यात आमची खारी हवा. इथं लोखंडाला कुणी हात लावून सोडलं तरी दुसऱ्या दिवशी बोटांचे ठसे तांबडे उमटतात. कट्टा गावात एक गृहस्थ होते, भाताच्या गिरणीचे मालक. त्यांचं लेथ मी दोन महिने खपून साफ केलं. दसऱ्याला त्यांनी त्याची मनापासून पूजा केली, ओली झेंडूची फुलं पाटावर वाहिली आणि प्रसाद वाटून घरी गेले. चार दिवसांनी मला निरोप आला. जाऊन पाहतो तर पाटावर गंजाची अकरा फुलं, पाकळीन् पाकळी उमटलेली. मालक म्हणाले, "मेस्तरी, देवाचा होता ता. तेका नको कसा म्हणतलंय?"  पंधरा दिवस फुलं पुसत बसलो. पुढच्या दसऱ्याला त्यांनी कोरडं कापड अंथरून वर फुलं वाहिली, एवढी सुधारणा झाली.

अशा गोष्टी मी पुष्कळ सांगत आलो आहे आणि लोक हसतात. पण वेंगुर्ल्याच्या पेद्रूबाबच्या लेथची गोष्ट मी अर्धीच सांगत आलो. आज पूर्ण सांगतो.

पेद्रूबाब माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी मोठे. वेंगुर्ल्यात बंदराच्या वाटेवर त्यांचं घर होतं आणि घराच्या पडवीत लेथ. त्यांच्या वडलांनी ते म्हापशाच्या कुणा म्हाताऱ्या घड्याळजीकडून आणलं होतं. पायानं चालवायचं लेथ. शिवणयंत्राला असते तशी खाली लोखंडी पायटी, बाजूला जड चाक. पाय मारला की फिरतं, पाय उचलला की दोन-चार फेरे घेऊन थांबतं. पेद्रूबाब तीस वर्षं त्यावर काम करत होते. काजूच्या कारखान्यातली हत्यारं, रहाटाचे आस, चर्चच्या घंटेचा खिळा, बंदुकीचे घोडे, काय वाटेल ते. त्यांच्या बायकोचं नाव आंजेल. अंगानं बारीक, कमी बोलणारी बाई. मूलबाळ एकच, मुलगी, ती मुंबईला नर्सिंग शिकत होती.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पाट झिजलेला होता. मी रंग लावून दाखवला. पेद्रूबाबनी चष्मा पुसून पुसून पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे तीस वर्सां मी वाकडा काम करतंय?"

"तुमचा हात वाकडेपणा सांभाळून घेतो," मी म्हणालो. "दुसऱ्या कुणाला दिलं तर कळेल."

ते खूश झाले. मला म्हणाले, "विसू, तू गोड बोलतंस. पण दुरुस्त कर."

त्या दोन महिन्यांत मी त्यांच्या घरीच राहिलो. सकाळी पेज, दुपारी मासळीभात, संध्याकाळी आंजेलबाय आल्याचा चहा करायची. पेद्रूबाब शेजारी स्टुलावर बसून माझा हात बघत राहायचे. जुने कारागीर दुसऱ्याच्या कामात नाक खुपसतात, तसं त्यांनी एकदाही केलं नाही. पाट पूर्ण झाला त्या दिवशी त्यांनी त्यावरून तळहात फिरवला आणि बराच वेळ उचललाच नाही.

पुढं तीन वर्षांनी त्यांनी मला पुन्हा बोलावलं. सत्तावन-अठ्ठावन सालची गोष्ट. तेव्हा किनाऱ्यावरच्या होड्यांना नुकतीच इंजिनं बसू लागली होती. इंजिनाचा दांडा पाण्यातल्या पंख्यापर्यंत जातो, तो दर हंगामाआधी कातून, म्हणजे लेथवर तासून, सरळ करावा लागतो. हे काम पेद्रूबाबकडे येऊ लागलं होतं. पण तो दांडा जड. पायानं लेथ फिरवून ते काम होईना. त्यांचं वयही पन्नाशीच्या पुढं गेलेलं. त्यांनी एक जुनं क्रूड ऑइलचं इंजिन घेतलं होतं.

"ह्यां लेथाक जोडून दी," ते म्हणाले. "माझो पाय आता दमता."

काम अवघड नव्हतं. इंजिन मागच्या मांगरात, अवजारं ठेवायच्या खोपटात, बसवलं. छपराखाली एक आडवी दांडी घेतली. इंजिनाकडून पट्टा दांडीला, दांडीवरून दुसरा पट्टा लेथला. पायटी आणि जड चाक काढून माळ्यावर ठेवलं. या जोडणीत एक गोष्ट महत्त्वाची असते. दांडीवर शेजारीशेजारी दोन पुल्या बसवतात. एक घट्ट, एक सैल. पट्टा घट्ट पुलीवर असला की लेथ चालतं. लाकडी दांडक्यानं तो सैल पुलीवर सरकवला की इंजिन चालू राहूनही लेथ जागच्या जागी थांबतं. काम करणाऱ्याच्या हाताशी ते दांडकं असतं. त्याच्या जिवाची दोरी तीच.

सैल पुली कोल्हापुरात ओतायला टाकली होती. घाटात दरड पडली, वाट बंद झाली, पुली आली नाही. बाकी सगळं तयार होतं. नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली. दाभोलीचा एक तांडेल आपल्या होडीचा दांडा घेऊन तीन दिवस पडवीत बसून होता.

मी निघायच्या दिवशी सकाळी पट्टे चढवले आणि इंजिन सुरू करून पाहिलं. नुसतं पाहायचं म्हणून. लेथ असं फिरलं की मलाच भरून आलं. मी तांडेलाचा दांडा चढवला आणि पहिला हात स्वतः मारला. लोखंडाची साल निळी होऊन लांबच लांब निघत गेली. तांडेल म्हणाला, "मेस्तरी, असा काम मुंबयत पण बगूक नाय." मी तीन तास थांबलोच नाही. सैल पुली नाही, लेथ थांबवायचं तर मांगरात जाऊन इंजिन बंद करावं लागतं, हे मला ठाऊक होतं. मी दोनदा तसं जाऊन बंद केलंही. तरी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी माझ्याच कामावर खूश होतो.

दुपारी मला मालवणला निघायचं होतं. पिशवी खांद्याला लावली. दांड्याचं थोडं काम उरलं होतं. पेद्रूबाबनी विचारलं, "विसू, मगे मी चलवू मां?"

मी मान हलवली. एवढंच. सैल पुली येईपर्यंत हात लावू नका, हे शब्द माझ्या तोंडात होते, असं मी पुढं स्वतःला पुष्कळदा सांगितलं. ते खोटं आहे. ते शब्द माझ्या मनातही आले नव्हते. मी मान हलवली आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीच्या कंडक्टरनं निरोप दिला.

झालं होतं असं. दांडा कातून झाल्यावर त्याला झिलई देतात. कुरुंदाचं खरखरीत कापड फिरत्या दांड्याभोवती धरून दाबायचं. पेद्रूबाब तीस वर्षं ते कापड बोटांना गुंडाळून धरत आले होते. पायटीच्या लेथवर ते चालतं. कापड अडकलं तर पाय आपोआप उचलला जातो आणि यंत्र सुटतं. या वेळी कापड अडकलं, त्यांनी पाय उचलला, पण पायाखाली काही नव्हतं. कापडानं बोटं ओढली, बोटांनी हात.

तांडेल भरतीची वेळ बघायला बंदरावर गेला होता. घरात आंजेलबाय होती. ती धावत आली. इंजिन कसं बंद करायचं ते तिला कुणी दाखवलं नव्हतं. मीही नाही. मांगरात जाऊन ती परत आली आणि भातकांडणाचं मुसळ घेऊन तिनं वरच्या फिरत्या पट्ट्याला रेटा दिला. दोनदा मुसळ उडालं. तिसऱ्यांदा पट्टा पुलीवरून उतरला.

डॉक्टरांनी उजवा हात मनगटाच्या वर कापला.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा फौजदार जबाब घ्यायला आले होते. पेद्रूबाबचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. आंजेलबाय उशाशी उभी. फौजदारांनी विचारलं, "यंत्र कुणी जोडलं?"

मी पुढं झालो. "मी जोडलं साहेब."

"अपुरं काम चालू का केलंत?"

माझं तोंड उघडायच्या आत पेद्रूबाब बोलले. सरकारी माणसापुढं ते शाळेतलं मराठी बोलत, एकेक शब्द जुळवून. "साहेब, मेस्तरींनी मला बजावलं होतं. पुली आल्याशिवाय चालवू नका, असं म्हणाले होते. चूक माझी आहे. मी ऐकलं नाही."

फौजदारांनी माझ्याकडं पाहिलं. "असं सांगितलं होतं?"

मी पेद्रूबाबकडं पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मी म्हणालो, "होय."

त्यांनी लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. मी सही केली. आंजेलबाय सगळा वेळ खिडकीबाहेर पाहत होती.

पुढचं सांगायला मला जास्त लाज वाटते. ही हकिकत आठ-पंधरा दिवसांत किनाराभर झाली. तारकर्लीपासून शिरोड्यापर्यंत लोक म्हणू लागले, विसू मेस्तरी जबाबदार माणूस, आधी बजावतो, त्याचं ऐकलं नाही म्हणून वेंगुर्ल्याच्या पेद्रूचा हात गेला. मला कामं वाढली. होड्यांच्या दुरुस्तीचं नवं वर्कशॉप निघालं तेव्हा यंत्रं बसवायला मलाच बोलावलं. चालकांपैकी एक जण माझ्यासमोरच म्हणाला, "ह्यो माणूस सावध आसा." मी त्याला खोडून काढलं नाही.

सावध मात्र मी खरोखरच झालो. त्यानंतर सैल पुलीशिवाय एकही पट्टा मी चढवला नाही. घरातल्या बायकांना बोलावून, त्या लाजल्या तरी, इंजिन कसं बंद करायचं ते दाखवलं आणि त्यांच्याकडून करून घेतलं. मालक कंटाळायचे. कट्ट्याचे ते गृहस्थ म्हणाले, "मेस्तरी, तुमी आता भटजीसारखे बोलतास."

दोन महिन्यांनी पेद्रूबाबनी निरोप पाठवला. मी गेलो. ते पडवीत लेथजवळ बसले होते. आस्तीन कोपराखाली दुमडून टाचणीनं टाचलेली.

"विसू," ते म्हणाले, "पायटी माळ्यार आसा मां? ती परत घाल. आणि ह्यो दांडो डाव्या हातान फिरात असो कर."

मी आठ दिवस राहिलो. इंजिन विकलं गेलं होतं. वरची दांडी उतरवली, चाक आणि पायटी पुन्हा जोडली. हत्यार सरकवण्याचा मुठीचा दांडा उजवीकडून डावीकडं घ्यायला एक नवा आस करावा लागला. तो मी त्याच लेथवर कातला. पाय मारताना पडवीत दुसरा आवाज नव्हता. पेद्रूबाब स्टुलावर बसून पूर्वीसारखेच बघत होते. मी त्यांच्याशी जबाबाबद्दल बोलायचं ठरवून गेलो होतो. रोज सकाळी ठरवायचो. एकदा सुरुवातही केली, "पेद्रूबाब, त्या दिवशी..."

ते म्हणाले, "पाटार तेल घाल. सुको दिसता."

मी तेल घातलं.

पुढं सात वर्षं ते एका हातानं काम करत राहिले. जड काम गेलंच. शिवणयंत्राचे छोटे भाग, कुलपांच्या किल्ल्या, कंदिलाचे स्क्रू. दांडा चकमध्ये धरायला दोन हात लागतात. ते छातीनं रेटून धरत आणि डाव्या हातानं आवळत. छातीवर कायमचा काळा वळ पडला होता. वर्षातून एकदा मी जायचो, लेथ साफ करायचो, पाट तपासायचो. त्यांनी मला एका शब्दानं कधी काही म्हटलं नाही. हसून बोलायचे. मला ते हसणं नको व्हायचं. आंजेलबाय वाढायची, पाणी द्यायची, आणि आत जायची. ती आधीपासूनच कमी बोलणारी, असं मी धरून चाललो.

पेद्रूबाब तापानं गेले. मला कळलं तेव्हा माती होऊन गेली होती. महिन्याभरानं आंजेलबायनं बोलावलं. मुलगी तिला मुंबईला नेणार होती, घर बंद करायचं होतं, लेथ भंगारवाल्याला द्यायचं होतं आणि ते सोडवायला मी हवा होतो.

पडवीत आम्ही दोघंच होतो. मी बसलो आणि या वेळी थांबलो नाही. म्हणालो, "आंजेलबाय, मी पेद्रूबाबना काही बजावलं नव्हतं. त्यांनी विचारलं आणि मी मान हलवली. फौजदारापुढं मी खोटं बोललो."

"माका ठाऊक आसा," ती म्हणाली.

मी तिच्याकडं पाहिलं.

"तेंनी माका तेच दिसा सांगल्यानी. दवाखान्यात. फौजदार येवच्या आदी." ती माझ्याकडं न बघता बोलत होती. "म्हणाले, विसून काय सांगूक नाय, पण ता कोणाक कळता नये. तेचा नाव खराब झाला तर किनाऱ्यार यंत्रां कोण बगतलो? आणि माझा लेथ परत पायार कोण घेतलो?"

हात कापायचा होता, आणि हा माणूस पुढच्या दुरुस्तीचा विचार करत होता.  मी म्हणालो, "त्यांनी मला माफ केलं."

"तेंनी केल्यानी," ती म्हणाली. "माका कोणी इचारूक नाय. तेंनी पण नाय. तुमी सात वर्सां हंय येवन जेवलास. मी वाढलंय. मुसळ माझ्या हातात होता, मेस्तरी. तिसऱ्या वेळेक पट्टो पडलो. पयल्या वेळेक पडलो असतो तर हात रवलो असतो, असा मी रोज म्हणतंय."

"तुमची काही चूक नाही," मी म्हणालो.

"ता माका म्हायत आसा."

मी उठलो नाही. म्हणालो, "आंजेलबाय, आता विचारतो. तुम्ही मला माफ कराल?"

 तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बाजारात एखादी वस्तू घ्यावी की नको याचा माणूस करतो तसा तिनं नीट विचार केला.

"नाय," ती म्हणाली. मग पदर सारखा करून लेथकडं पाहिलं. "ह्यां कसा सोडवूचा ता सांगा. ट्रकवालो शनवारी येतलो."

भंगारवाल्याला ते अखंड उचलता येणार नव्हतं. मी चार दिवस राहून एकेक भाग सोडवला, तेल लावून गोणपाटात बांधला. चारही दिवस तिनं मला दोन्ही वेळा जेवायला वाढलं, भात संपला की विचारून पुन्हा वाढला. त्या एका शब्दाबद्दल आम्ही परत बोललो नाही. शनिवारी ट्रक गेला. तिनं पडवी झाडायला घेतली, आणि मी माझी पिशवी उचलली.